चिमाबाईचे एकोणीस धागे

जुन्नर, ता. ८ डिसेंबर १९१९

चिरंजीव सावळेराम यास राजमहंमद मिस्त्रीचा सलाम, आणि सोबत पाठीत एक गुद्दाही समज. दोन म्हैनं झालं, तुझं साधं कार्ड न्हाई. पुण्याचं पानी पिऊन दौत आटली काय रे?

तुझी आई खुशाल हाय. सकाळी सगळ्यांच्या आधी चुन्याच्या घाणीवर येती, बैल जुपती, दगडी चाक फिरवती, आणि चुना असा मळून देती की बोटाला लोणी लागल्यागत वाटावं. गावात लोक म्हनत्यात, राजमहंमदची भिंत लई पक्की. मी मिशीवर हात फिरवतो. पन खरं सांगायचं तर भिंत पक्की हाय ती चिमाबाईच्या चुन्यानं. हे मी चावडीवर बोलत न्हाई, तुला लिहितो.

आता बातमी ऐक. आमच्या दारात साहेब येऊन गेला! तुझ्याच हपिसातला, इन्कमटॅक्साचा. चार दिवस आधी वर्दी आली, की कंत्राटदारांचं सामान बघणार. मग काय विचारतोस! पावणा यायचा तर दार सारवावं ही आपली रीत. सगळं सामान आवारात काढलं. परांचीच्या वाश्यांना गेरू दिला, कमानीच्या लाकडी साच्यांना हिरवा रंग, साखळ्या-कप्प्यांना तेल, पहारींना काजळ, फावड्यांना नवे दांडे. घाणीचं चाकसुदिक गेरूनं लालबुंद केलं. तुझी आई फिसकारली, "म्हातारीला नवरी करताय, करा!" घाणीच्या छपराला तिचं एक काजळलेलं गाडगं टांगलेलं असतं. रंगारी ते फेकाया निघाला, तर त्याच्यावर फावडं उगारलं बाईनं.

साहेब आला. मराठी मानूस, चष्मेवाला, बोलनं थोडकं. म्हनला, "मिस्त्री, सामान नवं दिसतंय." मी छाती फुगवून म्हनलो, "व्हय साहेब, सगळं औंदाच घेतलं. राजमहंमदकडं जुनंपानं काही न्हाई." त्यानं दोन पानं भरून लिहून घेतलं. त्याच्या मनात भरलं तर डिंभ्याच्या मोरीचं सरकारी काम आपल्यालाच मिळंल, बघ तू.

तुझा राजूभाई


पुणे, ता. १५ डिसेंबर १९१९

वडील बंधू राजूभाई यांस सावळेरामचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचता वाचता चहा गार झाला. राजूभाई, तुम्ही हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत!

साहेब तुमच्या सामानाचं कौतुक करायला आला नव्हता. कायद्यात तुमच्यासारख्यांच्या फायद्याची एक सोय आहे. ज्या सामानावर धंदा चालतो ते दर साल झिजतं. त्या झिजेला आम्ही घसारा म्हणतो. समजा शंभर रुपयांची साखळी दहा वर्षं चालते. मग तिच्यातले दहा रुपये दर साल कामातच संपले, असं धरून तेवढे नफ्यातून वजा करतात आणि उरेल त्यावर कर घेतात. साहेब तुमची झीज मोजायला आला होता, आणि तुम्ही ती रंगवून बसलात.

यापुढचं जास्त वाईट आहे. एवढं सामान एकाच साली घेतलं, तर पैसा कुठून आला? साहेब म्हणणार, नफ्यातून. म्हणजे नफा मोठा आणि कागदावर दाखवला लहान. याला दंड असतो.

उस्तादांच्या, म्हणजे तुमच्या अब्बाजानच्या, वेळच्या पावत्या, वह्या, जे असेल ते शोधा. कोणती वस्तू कोणत्या साली आणि केवढ्याला घेतली, हे दाखवता आलं तर काही करता येईल. तुमच्यावर रागावलो आहे असं समजू नका. लहानपणी मला खांद्यावर बसवून बाजार दाखवणाऱ्या माणसावर मी काय रागावणार? पण जीव टांगणीला लागला आहे खरा.

तुमचा सावळेराम


जुन्नर, ता. ४ जानेवारी १९२०

सावळ्या,

तुझी जीभ काळी हाय रे बाबा. नोटीस आली. कर आणि दंड मिळून तीनशे बारा रुपये, मार्चअखेर भरायचे. मामलेदार कचेरीतल्या शिपायानं वाचून दाखवली आणि वर म्हनतो, "मिस्त्री, येवढी कमाई? चहा तरी पाजा." मी त्याला चहा पाजला. न पाजून काय करतो, शेखी मीच मिरवली व्हती.

पावत्या म्हनशील तर अब्बाजानची वही म्हंजे त्यांचं डोकं, आणि ते डोकं तीन सालं झाली कबरस्तानात हाय. येवढं वीस सालांचं सामान, एक चिठोरं न्हाई.

हातात रोकड न्हाई. पुण्याचा एक कंत्राटदार परवा येऊन घाणी बघून गेला. चाक, चराचे दगड, दोन्ही बैल मिळून साडेतीनशे देतो म्हनतो. घाणी गेली तर चुना दुसऱ्याच्या दारातून आणायचा, आणि मग माझी भिंत आणि दुसऱ्याची भिंत सारखीच. माझ्या घरचे, बारा गवंडी, त्यांच्या बाया-पोरं, सगळ्यांची भाकर त्या चाकाभोवती फिरती. तो मानूस चाकावर काठी आपटून बघत व्हता, आणि तुझी आई बैलाच्या मानेवर हात ठिवून नुसती उभी. त्या दिसापासनं ती माझ्याशी बोलंना. चूक माझी हाय, म्हणून मलाबी तिच्याशी बोलवंना.

तुझी भावजय जैबुन्निसा म्हनती, साहेबाकडं जाऊन सांगा की मी खोटं बोललो. सावळ्या, चाळीस वर्षं ह्या गावात ताठ मानेनं फिरलो. कसं जाऊ? तूच सांग.

राजूभाई


पुणे, ता. ९ जानेवारी १९२०

राजूभाई यांस नमस्कार.

फार विचार केला. तीस दिवसांत अर्ज करता येतो, पण अर्जाला पुरावा लागतो. पुरावा नसताना नुसतं "मी खोटं बोललो" असं म्हणालात, तर साहेब विचारील, तेव्हा खोटं की आता? त्यावर आपल्याकडे उत्तर नाही.

माझं ऐकाल तर घाणी विका. चुना बाहेरून घेऊन कामं करणारे कंत्राटदार पुष्कळ आहेत. आणि आईचं बघा. एकोणीस वर्षं तिनं चुन्यात हात घातले. तिचे तळवे किती फुटलेत ते तुम्ही रोज पाहता. मी तिला तीनदा लिहिलं, पुण्याला ये. येत नाही. घाणीच राहिली नाही तर तिला थांबायला कारण उरणार नाही. इथे माझी खोली आहे, नळाला पाणी आहे, बसून खायचं आहे. झालं ते एका परीनं बरंच झालं असं म्हणावं.

तिला हे पत्र वाचून दाखवा आणि होळीच्या आधी इकडे पाठवून द्या.

सावळेराम


जुन्नर, ता. २० जानेवारी १९२०

(सावळ्या, अक्षर माझं हाय, बोलनं तुझ्या आईचं. मधी एक सबुदबी घालू देत न्हाई. रा.)

सावळ्या, तुझं पत्र राजूबाबांनी वाचलं. मी तिथं येऊन काय करू? नळाकडं बघत बसू? माजं हात फुटलं त्याची काळजी तुला, आनि ज्या घाणीवर तू लहानाचा मोठा झालास तिचं काहीच न्हाई? असं म्हनू ने बाळा.

तुमी दोघं झीज झीज करताय. मला आधी कळंना. मग राजूबाबांना म्हनलं, झीज म्हंजे काय ते धड सांगा. त्येंनी सांगितलं. मी म्हनलं, आवं मग ती माज्या गाडग्यात हाय की.

ऐक. तुझा बाप पिलेगात गेला, आनि उस्तादांनी मला घाणीवर घेतलं. त्याच साली पाडव्याला आणे गावच्या धर्माजी वडारानं हे चाक आणून बसवलं. पुढं खंडेनवमी आली. समदं गवंडी आपल्या थापीला, ओळंब्याला हळदकुंकू लावत व्हतं. माजं हत्यार म्हंजे चाक. तवा वडाला सूत गुंडाळत्यात तसा मी चाकाला हळदीच्या सुताचा एक येढा दिला आनि पुरला तिथं तोडला. येक टोक तू धरलं व्हतंस. आठवतंय का तुला? नाक वाहत व्हतं तुझं, आनि तू म्हनलास, आई, चाक गरागरा फिरलं तर मी बी फिरंन का?

दुसऱ्या दिशी चाक चालायच्या आधी धागा उतरवला. पूजेचा धागा टाकवंना. बांबूच्या काटकीला बांधून गाडग्यात ठिवला. मग दर साली नवा धागा, त्याच काटकीला, पयल्याच्या शेजारी दुसरा, दुसऱ्याच्या शेजारी तिसरा. औंदाचा धरून एकोणीस झालं. दर सालचा धागा आदल्या सालापरीस अर्ध बोट कमी भरतो. मला वाटायचं, चाकबी माणसावानी म्हातारपणी आकसतं. कुनाला बोलले न्हाई, हसली असती लोकं.

धर्माजीनं तवा एकाच खडकातनं दोन चाकं काढली व्हती, येका मापाची. दुसरं बोरी बुद्रुकच्या गेणभाऊ पाटलानं घेतलं. त्यांना यिहीर बांधायची व्हती. यिहिरीला पाणी लागलं न्हाई आनि चाक तसंच चिंचंखाली पडलंय. एक फेरा फिरलेलं न्हाई. माजा पयला धागा त्याला लावून बघा म्हनावं साहेबाला.

घाणी इकायची न्हाई. इकायचीच असंल तर आधी मला इका.

तुझी आई चिमाबाई


पुणे, ता. २४ जानेवारी १९२०

राजूभाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी चार वर्षं या ऑफिसात घसाऱ्याचे कागद हाताळतो. मोठमोठ्या पेढ्यांचे हिशेब पाहिले, तांबड्या बाडांतले, शिक्क्यांचे. पण जिथे झीज नुसती लिहिलेली नाही, हातात धरून दाखवता येते, असा पुरावा मी पाहिला नाही, कोणी पाहिला असेल असं वाटतही नाही. आणि तो माझ्या आईनं एका गाडग्यात ठेवला होता! मी "घाणी विका, आईला इकडे पाठवा" असं लिहिलं. माझी मलाच लाज वाटते. त्या दिवशीचं टोक मला आठवतं. हळदीचा ओला वास आठवतो.

आता नीट ऐका. सोबत अर्जाचा मसुदा पाठवतो. तुमच्या अक्षरात उतरवा आणि मुदतीच्या आत रजिस्टर करा. त्यात स्पष्ट लिहिलं आहे, की सामान जुनं आहे आणि ते नवं आहे असं मी मोठेपणासाठी बोललो. हे वाक्य खोडू नका. इज्जतीला लागेल, पण सगळा अर्ज त्याच वाक्यावर उभा आहे. फेब्रुवारीत साहेबाचा मुक्काम जुन्नरला आणि नंतर बोरीच्या बाजूला आहे. तिथेच सुनावणी मागा. धागा एका जागी आणि चाक दुसऱ्या जागी, असं व्हायला नको.

एक विनंती. माझं नाव कुठेही घेऊ नका. मी त्याच ऑफिसात आहे, नाव निघालं तर काम बिघडेल. आईलाही तसं बजावून सांगा.

सावळेराम


जुन्नर, ता. १८ फेब्रुवारी १९२०

सावळ्या, बैस. पाणी पी. मग वाच.

ते वाक्य मी खोडलं न्हाई. लिहिताना तीन टाक मोडले, पन लिहिलं. साहेब परवा आवारात आला. मी आधीच म्हनलो, "साहेब, रंग माझा, खोटं माझं. सामान अब्बाजानच्या वेळचं." त्यानं वही उघडली. म्हनला, "साक्षीदार कोण?" मी बोट केलं. चिमाबाई घाणीवरून उठून आली, कोपरापर्यंत चुना, पदर खोचलेला. साहेबाचा कारकून हसला. पुढं त्याचं हसू कुठं गेलं ते सांगतो.

ती म्हनली, "साहेब, परांचीखाली चला." वरच्या वाश्याला तिनं ती काटकी आडवी बांधली आणि एकोणीस धागे सोडले. सावळ्या, काय सांगू तुला! बारा-बारा फुटांचे पिवळे धागे, वर एका रेषेत, आणि खाली त्यांची टोकं जिन्याच्या पायरीवानी एकेक अर्ध्या अर्ध्या बोटानं वर चढत गेलेली. पयला आणि शेवटला यांच्यात नऊ बोटं. मी वीस वर्षं त्या गाडग्याखालून ये-जा केली, आणि त्यात काय हाय ते मला ठाऊक न्हाई. मी कसला मिस्त्री?

साहेब चतुर. म्हनला, "बाई, सूत ताणलं की लांबतं. हे घरात बसून कापले नसतील कशावरून?" ती म्हनली, "मग बोरीला चला."

दुसऱ्या दिशी बैलगाडीनं बोरी. गेणभाऊंच्या चिंचंखालचं चाक, अंगावर शेवाळ. साहेबानं पयला धागा सवता हातानं चाकाला गुंडाळला. सावळ्या, धागा कमी पडला! पाव बोटानं. साहेबानं चष्मा काढला आणि म्हनला, "हे माप जुळत नाही."

तुझी आई हलली न्हाई. म्हनली, "जुळायचं कसं साहेब? चाक बसवलं पाडव्याला, धागा बांधला नवमीला. मधी सहा म्हैनं चाक चाललं व्हतं. तवढं झिजलं. नेमका जुळला असता तर तुमी म्हनला असता, हितंच बसून कापलाय."

साहेबानं चष्मा पुन्हा चढवला. मग त्यानं तो धागा आपल्या हातानं गुंडाळून तिच्या ओंजळीत ठिवला. कारकून खाली मान घालून लिहीत व्हता.

तिथून परत आल्यावर त्यानं एकेक वस्तू दाखवून तिलाच विचारलं. ही साखळी? "नणंदेचं, इंद्रायणीचं लगीन झालं त्या साली, अजीज लोहाराकडनं." ती कप्पी? "मोठ्या बैलाचा पाय मोडला त्या साली." अजीजच्या वहीत बघितलं, साल तेच, किंमत तीच. चार वस्तू ताडून बघितल्या आणि मग साहेब म्हनला, "पुरे. बाकीचं बाई सांगतील तेच लिहा." आमच्या गावात भल्याभल्यांच्या शब्दाला येवढा मान मिळालेला मी बघितला न्हाई. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. खरं सांगतो, पडलोबी. तिनं डोक्यात चापट मारली.

निकाल पुण्याहून येणार. एक गोष्ट राहिली. शेवटी साहेबानं तिला विचारलं, घरी कोण कोण असतं. ती काय बोलली ते मी लिहीत न्हाई. मला ते गिळवलं न्हाई. कागद तुझ्याच हपिसात येतील, तिथं वाच.

राजूभाई


पुणे, ता. २७ फेब्रुवारी १९२०

राजूभाई,

कागद आले. योग असा, की जबानीची सुवाच्य नक्कल करायला ते माझ्याच टेबलावर आले.

आईचा एकेक शब्द मी माझ्या हातानं उतरवत होतो. पाडवा, नवमी, वडार, गाडगं. मान ताठ होत होती. शेजारचा कारकून म्हणाला, "काय बाई आहे हो!" मी "हो" म्हणालो, आणि पुढच्या ओळीवर आलो. "प्रश्न: घरी कोण? उत्तर: कोणी नाही. मी एकटी."

लेखणी पुढे जाईना. शपथेवर तिनं एकोणीस वर्षांत अर्ध्या बोटाचा फरक लपवला नाही, आणि पोटचा मुलगा लपवला. मी सांगितलं होतं म्हणून. राजूभाई, नाव घेऊ नका असं मी लिहिलं, त्याचं कारण निम्मंच सांगितलं होतं. ऑफिसात मी सर्वांना सांगितलं आहे की आमची डिंभ्याला भाताची खाचरं आहेत आणि आई ती बघते. ती चुना मळते हे चार वर्षांत मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही सामानाला रंग दिलात, मी आईला दिला. तुम्हाला शहाणपण शिकवायला मात्र मी पुढे होतो.

मी उठलो आणि साहेबाच्या खोलीत गेलो. म्हणालो, "साहेब, ही नक्कल मला करता येणार नाही. ही बाई माझी आई आहे. अर्जाचा मसुदाही मीच करून दिला." त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना, आता सगळं पुन्हा तपासावं लागेल? निकाल आज सहीला होता." मी "होय" म्हणालो. त्यांनी कागद ओढून कपाटात ठेवले.

नंतर कोणी हे उकरून काढलं असतं तर तुमचा निकाल तर गेलाच असता, आणि तिची जबानीही खोटी ठरली असती, असं मी स्वतःला समजावतो. पण खरं हे की, ती ओळ माझ्या अक्षरात मला लिहवली नाही. माझ्यामुळे घाणी गेली तर मला क्षमा करू नका. आईला हे सगळं जसंच्या तसं वाचून दाखवा.

सावळेराम


जुन्नर, ता. २० मार्च १९२०

सावळ्या,

तुझं पत्र आलं तेव्हा पयल्यांदा मी तुला शिव्या दिल्या, लई दिल्या. जैबुन्निसानं कानावर हात ठेवले. मार्चअखेर तोंडावर, आणि तू सहीला आलेला निकाल कपाटात घालतोस! मग रागारागात तुझ्या आईला पत्र वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली. "आनिक एकदा वाचा" म्हनली. मी वाचलं. मग ती पदरात तोंड घालून रडली. एकोणीस सालांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं, तुझा बाप गेला तेव्हाचं सोडून. त्यावर मला तुझा राग राहिला न्हाई.

पुढं आठ दिसांनी मामलेदार कचेरीतून दोन मानसं आली, दुसरीच, आपल्या ओळखीची न्हाईत. त्यांनी फितीनं आपलं चाक मोजलं, बोरीचं मोजलं, एकोणीस धागे मोजले, अजीजची वही पुन्हा उलगडली. कुठं तसूभर फरक न्हाई. काल हुकूम आला. दंड माफ. घसारा मंजूर, सगळ्या सामानावर. भरायचे एक्केचाळीस रुपये. मी आजच भरले आणि शिपायाला म्हनलो, आता तू चहा पाज.

हुकमात खाली एक ओळ हाय, मी ती पाठ केली: "साक्षीदार बाईंची सामानाबाबतची जबानी दोन वेळा तपासली, दोन्ही वेळा खरी ठरली." तू उठला नसतास तर ती एकदाच ठरली असती. तुला दुसऱ्या टेबलावर टाकलं म्हनून तू कार्डात लिहिलंस. टाकू दे. टेबलाला काय, चार पाय सगळीकडंच असतात. आपली भिंतबी मीच बांधतो असं मी आता म्हनत न्हाई. काल चावडीवर मोठ्यानं सांगितलं, की राजमहंमदचं काम पक्कं हाय ते चिमाबाईच्या चुन्यानं. लोक म्हनले, आम्हाला ठाऊकच व्हतं.

पुण्याचा तो कंत्राटदार साडेतीनशे घेऊन आला व्हता. चिमाबाईनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि वाटंला लावलं. चाकाचा गेरू तिनं काथ्यानं घासून काढला. आता चाक पुन्हा काळं, म्हातारं, झिजलेलं दिसतंय. लई देखणं दिसतंय.

मी तिला विचारलं, सावळ्याला काय लिहू? ती चुना मळत व्हती. म्हनली, "लिवा, तो शाळंला गेल्यापासनं धाग्याचं दुसरं टोक मी वल्या चुन्यानं चाकाला चिकटवती. कधी सुटतं, मग पुन्ना पयल्यापासनं गुंडाळायचं. दसऱ्याच्या सुट्टीला ये म्हनावं, आदल्या दिशीच. औंदा टोक धरायला माज्या घरचं मानूस हाय."

राजूभाई